सात नंबरचा कॉम्प्युटर

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना लपवाछपवी नको. बेळगावच्या वडगावातल्या एका मराठी हायस्कुलात मी एकोणीस वर्षं गणित शिकवते आहे. माझं नाव विद्युल्लता, त्यामुळे मुलं माझ्यामागं मला 'करंट टीचर' म्हणतात. मला ते माहीत आहे आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतंही. मी वर्गात पाय ठेवला की चिडीचूप होतं. शेजारच्या घरांतल्या मागांची खडखड तेवढी खिडकीतून येत राहते.

कॉम्प्युटर माझ्या गळ्यात पडला तो क्लार्क निवृत्त झाल्यावर. त्यांची जागा भरली गेली नाही, आणि सहा महिन्यांचा कोर्स केलेली शाळेत मी एकटीच. आमचा सर्व्हर म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. कॉम्प्युटर लॅबच्या मागच्या खोलीत, गुंडाळून ठेवलेल्या जुन्या नकाशांच्या शेजारी एक काळा डबा आहे, तोच सर्व्हर. पण त्यात सगळ्या मुलांची माहिती आहे, मार्क आहेत आणि दरवर्षी बोर्डाकडं जाणारी दहावीची यादी आहे. त्याचा पासवर्ड फक्त माझ्याकडं. निदान सगळ्यांना मी तसंच सांगितलं होतं.

जानेवारीतल्या त्या शनिवारी दहावीची यादी सूचनाफलकावर लावून तीन दिवस झाले होते. प्रत्येक मुलानं आपली ओळ वाचायची, बरोबर असेल तर समोर सही करायची, अशी पद्धत. यादी कानडीत, आणि पुढच्या गुरुवारी पाचला बोर्डाकडं जाणार. आमची मुलं आपलं नाव शोधतात, सही ठोकतात आणि पळतात. एक्केचाळीस मुलांपैकी चाळिसांच्या सह्या झाल्या होत्या. राहिली होती रूपाली. बोरगावला मावशीच्या लग्नाला गेली होती म्हणून दोन दिवस शाळेत नव्हती.

"टीचर, जरा एक सांगायचं हुतं," यादीसमोर उभी राहून ती म्हणाली.

"सोमवारी सांग. आधी सही कर."

"पण टीचर, त्यात..."

"एका सहीला मुहूर्त काढायचाय का तुझ्या? तुझ्यापायी सगळी यादी अडलीय!"

मुलं फिदीफिदी हसली. तिनं मान खाली घालून सही केली. मी यादी काढून घेतली, खाली 'तपासले' असं लिहून स्वतःची सही केली आणि घरी गेले.

सोमवारी सकाळी सर्व्हर उघडला तर पडद्यावर लाल ओळी. शनिवारी शाळा सुटली पावणेबाराला. बारा दहा ते बारा चाळीस या अर्ध्या तासात लॅबमधल्या सात नंबरच्या कॉम्प्युटरवरून कुणीतरी माझ्या नावानं सर्व्हरमध्ये शिरायचा प्रयत्न केला होता. चौतीस वेळा.

आमचं सॉफ्टवेअर टिळकवाडीतल्या एका ओळखीच्या पोरानं स्वस्तात करून दिलेलं आहे. चुकलेला पासवर्डसुद्धा ते जसाच्या तसा नोंदवून ठेवतं. मी ओळी वाचायला लागले. ओवी२०२४. ओवी२०२५. ओवी@१२३. ओवीटीचर. ओवीनिपाणी.

ओवी माझी मुलगी. धारवाडला कॉलेजात शिकते. दिवाळीपर्यंत माझा पासवर्ड तिच्याच नावाचा होता. दहावीच्या अनयनं लॅबचं वायफाय उघडून दाखवलं, तेव्हा घाबरून मी तो बदलला. म्हणजे शनिवारी सात नंबरवर बसलेल्या माणसाला माझा जुना पासवर्ड पाठ होता.

मी हेडमास्तरांच्या खोलीत गेले. उपेंद्र सर हळू बोलणारा माणूस. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, तेवढी धडपणे जावीत एवढीच त्यांची अपेक्षा. मी त्यांना चौतीस वेळा प्रयत्न झाले हे सांगितलं. ओवीचं नाव मात्र सांगितलं नाही.

"आत कुणी गेलं नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. काहीच बदललेलं नाही."

"मग गुरुवारपर्यंत कशाला थांबायचं? आजच पाठवून टाका यादी. उद्या कुणी आत शिरलं आणि मार्क बदलले तर काय तोंड दाखवणार आपण?"

मलाही ते पटलं. दुपारी तीन वाजता मी बटण दाबलं आणि यादी गेली. आता शाळेतून तिच्यात कुणालाही, अगदी मलासुद्धा, एक अक्षर बदलता येणार नव्हतं. काही चुकलंच असेल तर गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत तालुका शिक्षण कार्यालयात लेखी पत्र द्यायचं, नाहीतर विषय संपला. मला अगदी हायसं वाटलं. ही गोष्ट मी मुलांना मात्र सांगितली नाही. त्यांच्या लेखी यादी अजून सर्व्हरवरच होती आणि गुरुवारी पाचला जाणार होती.

"आणि टीचर," सर म्हणाले, "जो कोण आहे तो सापडला पाहिजे. संस्थेच्या अध्यक्षांच्या कानावर घातलंय मी. ते म्हणतात, सायबर पोलिसांत तक्रार द्या, हॉल तिकीट अडवा. एकाला धडा मिळाला की बाकीचे सरळ होतील."

"बरोबर आहे," मी म्हटलं. तेव्हा मला ते मनापासून बरोबर वाटलं होतं. शेवटच्या तासाला दहावीच्या वर्गाला तशी तंबीही दिली.

मंगळवारी मी भर वर्गात अनयला उभं केलं. वकिलाचा मुलगा, हातात कायम कसली तरी वायर. "शनिवारी शाळा सुटल्यावर कुठं होतास?" असं विचारत मी त्याला पुरता सोलून काढला. तो शांतपणे ऐकत राहिला.

"टीचर, मी केलं असतं तर तुम्हाला कळलंच नसतं," तो शेवटी म्हणाला.

वर्ग खो खो हसला. मी त्याला बाहेर काढला. पण दाराशी तो थांबला आणि हळूच म्हणाला, "एकच पासवर्ड उलटासुलटा करून बघालाय म्हणजे ते हॅकर न्हाय टीचर. ते कोणतरी लई घाईत असलेलं माणूस आहे."

एकच पासवर्ड उलटासुलटा होत होता हे मी वर्गात बोललेच नव्हते. मी त्याच्याकडं रोखून बघितलं. "अंदाज टीचर," तो म्हणाला आणि निघून गेला. मी मात्र रात्रभर कूस बदलत होते.

बुधवार कोरडा गेला. गुरुवारी मी सापळा लावला. शिपाई परसूला सांगितलं, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत लॅबला नुसती कडी घाल, कुलूप नको. "आणि कोण आत शिरलं तर?" त्यानं विचारलं. "शिरू दे," मी म्हटलं. मग मागच्या खोलीत दिवा आणि पंखा बंद करून सर्व्हरसमोर बसले. पटांगणात ताटांचा आवाज, पोरांचा गलका.

एक वाजून अठरा मिनिटांनी पडद्यावर लाल ओळ उमटली. सात नंबर. ओवी२०२६.

मी जागची हलले नाही. दुसरी ओळ आली. विद्युल्लताओवी. मग तिसरी. प्रत्येक ओळीमध्ये दहा-बारा सेकंद जात होते. कुणीतरी एकेका बोटानं टाइप करत होतं. मी चपला काढल्या, अनवाणी दारापर्यंत गेले आणि दार एकदम ढकललं.

सात नंबरसमोर रूपाली बसली होती.

मला धक्का बसायला हवा होता. तो बसला नाही, आणि आता का ते सांगायलाच हवं.

मी निपाणीची. आमच्या घरी कानडी शिकायचं नाही हा बाणाच होता. वडील म्हणायचे, कानडीचा तास म्हणजे वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढायचा तास. मी काढली. नोकरीसाठी खात्याची कानडी परीक्षा द्यावी लागली तेव्हा उत्तरं पाठ करून पास झाले. बाजारात, बसमध्ये बोलायचं काम भागतं. वाचायचं म्हटलं तर एकेक अक्षर लावत बसावं लागतं, आणि लिहायला तर येतच नाही. आणि सर्व्हरवरचे सगळे फॉर्म कानडीत.

मागच्या जूनमध्ये मी रूपालीला ऑफिसात बसवलं. तिच्या घरी माग आहे, आईच्या माहेरची बोली कानडी, त्यामुळे दोन्ही भाषा तिला सारख्याच. शाळा सुटल्यावर तीन आठवडे तिनं माझ्या खुर्चीत बसून, माझ्या पासवर्डनं, चारशे बारा मुलांची माहिती भरली. नियम असा की शिक्षकाशिवाय कुणी त्याला हात लावायचा नाही. मी तिला बजावलं होतं, "हे कुणालाही सांगायचं नाही. आईलासुद्धा नाही. कळलं तर आपण दोघीही शाळेबाहेर." ती मोठ्या अभिमानानं मान हलवून "व्हय टीचर" म्हणाली होती.

तिला सात नंबरसमोर बघितलं आणि मला राग आला. तो राग तिच्यावरचा नव्हता, माझ्या भीतीचा होता, पण त्या क्षणी कोण फरक करत बसतो? मी तिचं मनगट धरलं आणि ओढतच तिला हेडमास्तरांच्या खोलीत नेलं.

"ही बघा, सर. रंगेहाथ."

उपेंद्र सरांनी चष्मा काढला. "रूपाली? तू?"

का केलंस, कुणी सांगितलं, कुठले मार्क बदलायचे होते, सरांनी पंधरा मिनिटं विचारलं. ती टेबलाच्या कडेकडं बघत उभी. "पासवर्ड कुठून मिळाला?" या प्रश्नावर तिनं फक्त एकदा माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

परसू तिच्या आईला घेऊन आला. सुवर्णाबाई माग तसाच सोडून आल्या होत्या. केसांत कापसाचे तंतू, पदरानं हात पुसत त्या दारात उभ्या राहिल्या.

सरांनी सगळं सांगितलं. पोलीस, हॉल तिकीट, परीक्षा, सगळं. सुवर्णाबाईंचा चेहरा एकेका शब्दागणिक उतरत गेला.

"परीक्षा द्यायला मिळणार न्हाय म्हंता?" त्यांनी विचारलं. "अवं, आमच्या घरात दहावीपातूर आलेली ही पैलीच पोर. चोरी करणारं न्हाय वो माझं लेकरू. टीचर, तुमी सांगा की. तुमच्यावर लई जीव हाय तिचा. मागच्या जूनात रोज यायला उशीर करायची, इचारलं तर म्हणायची, टीचरचं काम हाय, सांगायचं न्हाय."

सरांनी माझ्याकडं पाहिलं, मग रूपालीकडं.

"कसलं काम गं?"

"ग्रंथालयातली पुस्तकं लावत हुतो," रूपाली म्हणाली. तासाभरात तिचं हे पहिलं वाक्य. पोरगी माझ्यासाठी खोटं बोलली, आणि मी, एकोणीस वर्षं खोटं बोलणाऱ्या पोरांना अंगठे धरायला लावणारी बाई, गप्प बसले. मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सरांना अध्यक्षांचा फोन आला म्हणून ते व्हरांड्यात गेले. सुवर्णाबाई बाकावर बसून डोळे टिपत होत्या. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

"रूपाली," मी हळू म्हटलं, "मार्क बदलायचे होते का तुला?"

"न्हाय."

"मग काय बदलायचं होतं?"

ती एकदम रडायलाच लागली. "पैली भाषा, टीचर. यादीत सगळ्यांची पैली भाषा कन्नड पडलीय. एक्केचाळीस जणांची. मी शनवारी वाचलो तवा कळलं."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि मी खुर्चीचा हात धरला. आमच्या मुलांची पहिली भाषा मराठी, कानडी तिसरी. यादीत पहिली कन्नड असेल तर मार्चमध्ये सगळ्यांत जास्त मार्कांच्या पेपरला एक्केचाळीस मुलांच्या हातात कानडीचा पेपर पडणार. त्यात धड उत्तर लिहू शकेल अशी वर्गात ही एकटीच.

"कसं पडलं असं?"

"फॉर्म उघडला की आधीच कन्नड असतंय तिथं. ते बदलून मराठी घ्यायचं असतंय. मी पैल्या वळीत बदलायलो हुतो, तवा तुमी म्हणालासा, पाच वाजाय आले, एकेक काय भरालीस, वडून टाक खालपर्यंत. मी तसंच वडलो. बदलायचं राहिलं." तिनं नाक पुसलं. "चूक माझीच हाय टीचर. मला वाटलं, गुरवारी पाचच्या आत गपचीप बदलून टाकावं. कुणाला कळायचं न्हाय, तुमचं नाव पण यायचं न्हाय."

"मला का नाही सांगितलंस?"

तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. शनिवार मला लख्ख आठवला. टीचर, जरा एक सांगायचं हुतं.

"आणि सोमवारी? मी सोमवारी सांग म्हटलं होतं ना?"

"सोमवारी तुमी सगळ्या वर्गाला म्हणालासा, सर्व्हरला हात लावणाऱ्याला पोलिसात देणार. भ्या वाटलं."

तिला तर हेही माहीत नव्हतं की ती जी यादी वाचवायला धडपडत होती, ती मी तिच्याच भीतीनं सोमवारीच पाठवून मोकळी झाले होते. ते मी तिला सांगितलं. तिचा हात तोंडावर गेला.

उपेंद्र सर आत आले. मी उभी राहिले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. जून, खुर्ची, पासवर्ड, ओवीचं नाव, खालपर्यंत ओढलेली ओळ, न वाचता केलेली सही. सुवर्णाबाईंनी रडणं थांबवलं.

सरांनी दार लोटून घेतलं.

"टीचर, तुम्ही काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला? खात्याची चौकशी लागेल. सस्पेंडसुद्धा करतील." ते माझ्याजवळ आले, आवाज आणखी खाली आणला. "माझं ऐका. सर्व्हरवर हिचे प्रयत्न नोंदलेले आहेतच. हिनं आत शिरून भाषा बदलली, असं पत्र दिलं तर यादी दुरुस्त होते, मुलं वाचतात, शाळा वाचते, तुम्ही वाचता."

"आणि ही?"

"पुढच्या वर्षी देईल परीक्षा. एकच वर्ष."

सर वाईट माणूस नाहीत. एका बाजूला एक्केचाळीस मुलं, दुसऱ्या बाजूला एक, असा हिशेब त्यांनी केला होता. आणि खोटं कशाला सांगू, अर्धं मिनिट मलाही तो पटला. मला ओवी दिसली, घर दिसलं, स्टाफरूममधल्या बायकांची कुजबुज ऐकू आली. एका मुलीचं एक वर्ष. मी रूपालीकडं बघितलं नाही.

"लिवा टीचर," तीच म्हणाली. "सर म्हंतात तसं लिवा. मी कुणाला कायबी सांगणार न्हाय."

काय ते पोर! तीन आठवडे राबवून घेतलं, तोंड बंद ठेवायला लावलं, भर वर्गात हसं केलं, मनगट धरून फरफटत आणलं, आणि तरी तिला माझं कसं होईल याचीच काळजी. मला रडू फुटलं. शाळेत मी पहिल्यांदा रडले.

"वेळ नाही," मी डोळे पुसत म्हटलं. "सर, पत्र मी देणार. खरं तेच लिहून."

"पत्र कानडीत द्यावं लागतं," सर खुर्चीत बसत म्हणाले. "मी लिहिणार नाही. तुमच्या गळ्याला मी माझ्या हातानं फास लावणार नाही. तुम्ही लिहिलंत तर खाली शिक्का मारीन."

सवयीनं मी कागद रूपालीपुढं सरकवला. मी मराठीत सांगत गेले, ती कानडीत लिहीत गेली, गोल गोल, सुंदर अक्षरात. 'जून महिन्यात मी, विद्युल्लता, नियम मोडून विद्यार्थिनीला माझ्या पासवर्डवर काम करायला बसवलं. चूक माझ्या सांगण्यावरून झाली. यादी न वाचता मी सही केली.' दहा मिनिटांत पान भरलं. तिनं ते माझ्याकडं दिलं. मी पेन उचललं, सही करायला टेकवलं, आणि थांबले.

न वाचता किती सह्या करायच्या आयुष्यात?

मी बोट ठेवून वाचायला लागले. एकेक अक्षर, एकेक जोड. घड्याळात पावणेचार. सर चुळबुळ करत होते. दुसऱ्या ओळीत मला रूपालीचं नाव दिसलं. मी ते सांगितलं नव्हतं. पुढचे शब्द लावायला मला पाच मिनिटं लागली. तिनं लिहिलं होतं की टीचरना न विचारता तीच ऑफिसात शिरली, तिनंच माहिती भरली, टीचरना काहीच ठाऊक नव्हतं.

"हे काय आहे?"

ती पेनाला टोपण लावायला लागली.

मी कागद फाडला. दुसरा घेतला आणि पेन स्वतःच्या हातात धरलं. "तू सांग. मी लिहिते. एकेक अक्षर सांग."

"टीचर, लई वेळ लागंल."

"लागू दे."

मग त्या खोलीत जे चाललं ते माझ्या एकोणीस वर्षांत कधी झालं नव्हतं. विद्यार्थिनी शेजारी उभी राहून अक्षर सांगत होती आणि टीचर गिरवत होती. "हितनं गोल घ्या. आता खाली. न्हाय न्हाय, उलटं झालं." माझं नाव लिहायलाच दोन मिनिटं गेली. सुवर्णाबाई मागं येऊन उभ्या राहिल्या आणि एके ठिकाणी त्यांनी माझं चुकलेलं अक्षर बोटानं दाखवलं. माग चालवणारं ते बोट खरखरीत होतं. एकदा खोडलं, दोनदा खोडलं. ओळी तिरक्या चालल्या होत्या. चार वाजून वीस मिनिटांनी पत्र संपलं. उपेंद्र सरांनी ते वाचलं, डोळे मिटले, आणि खाली सही करून शिक्का मारला.

स्कूटरला किक मारली तेव्हा साडेचार होत आले होते. रूपाली मागं बसली होती. तू चल असं तिला कुणी म्हटलं नव्हतं, पण ती बसली आणि मी बसू दिलं. कपिलेश्वर पुलावर गाड्या अडकल्या होत्या. एक ट्रक आडवा, मागं रिक्षा, पुढं उसाचा ट्रॅक्टर. मी भोंगा वाजवत होते, तोंडाला येतील त्या शिव्या देत होते. रूपाली मागून दर मिनिटाला वेळ सांगत होती. "चार बेचाळीस, टीचर." "चार पंचेचाळीस." शेवटी तिनं माझ्या पिशवीतून कागद काढला आणि उडी मारून पळत सुटली. मी स्कूटर कडेला लावली आणि तिच्यामागं धावले. शेचाळीस वर्षांची बाई साडी खोचून भर रस्त्यातनं पळताना कशी दिसते ते बेळगावानं त्या दिवशी बघितलं.

कार्यालयाचा क्लार्क टेबल आवरत होता. मी धापा टाकत कागद पुढं केला. पाचला आठ मिनिटं होती. त्यानं कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग त्यानं माझ्याकडं, माझ्याशेजारी उभ्या असलेल्या रूपालीकडं बघितलं आणि हसत कानडीत विचारलं, "हे कुठल्या पोरानं लिहिलंय?"

"मी," मी कानडीतच म्हटलं. "टीचर आहे मी. अक्षर माझं आहे. चूकपण माझीच आहे."

त्याचं हसू मावळलं. त्यानं पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं, एकदा मान हलवली आणि तारखेचा शिक्का उचलला. तो कागदावर आपटला तेव्हा रूपालीनं माझा हात घट्ट धरला. यादी दुरुस्तीला उघडून मिळाली. सर्व्हरला हात लावल्याबद्दल सरांनी रूपालीकडून माफीपत्र लिहून घेतलं आणि महिनाभर तिला लॅब बंद केली. पोलिसांची गोष्ट पुन्हा निघाली नाही, कारण माझं पत्र वाचल्यावर अध्यक्षांना पोलीस नको झाले.

आठ दिवसांनी मला खात्याची नोटीस आली. दोन पानं, कानडीत. संध्याकाळी दिवा लावून मी ती बोट ठेवून स्वतःच वाचली. पूर्ण कळायला दोन तास लागले. चौकशी अजून चालू आहे. काय होईल ते होईल, भीती वाटते, नाही असं नाही.

नवी यादी आली तेव्हा मी ती फलकावर लावली नाही. वर्गात नेली आणि प्रत्येकाची ओळ मोठ्यानं वाचायला लागले. अडखळत, थांबत. मुलांना आधी हसू येत होतं, मग ती ऐकायला लागली. सतराव्या ओळीवर मागच्या बाकावरून आवाज आला.

"टीचर, चुकलं तुमचं."

रूपाली नव्हती ती. शेवटच्या बाकावरचा ज्योतिबा, चार वर्षांत माझ्यापुढं तोंड उघडलं नव्हतं त्यानं. आपण काय बोलून बसलो ते कळून तो पांढराफटक पडला होता.

"कुठं?" मी विचारलं. "इकडं ये, दाखव."